पाटा वाढवून पासिंग वाढत नाही

पनवेल हे पहिल्यापासून ओझी वाहणाऱ्यांचं गाव. गलबतांतून बंदरात उतरलेला माल इथे बैलगाड्यांवर चढायचा आणि 1830 मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने पुण्याकडे निघायचा. बैलगाडीची चाकं बनवणं हा त्या काळी इथला नावाजलेला धंदा होता. आता कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याची एमआयडीसी आणि न्हावा-शेवा बंदर यांच्या मधोमध हे शहर आहे. मोठा माल ट्रेलरने येतो. पण कामोठ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात, करंजाड्याच्या बांधकामावर, जुन्या पनवेलच्या बोळात तो पोहोचवतो तो छोटा टेम्पोच. 2005 मध्ये टाटांचा ‘एस’ आला, लोकांनी त्याला छोटा हत्ती म्हटलं आणि एका गाडीवर घर चालवणारी हजारो माणसं या धंद्यात उभी राहिली.

अशा प्रत्येक गाडीमालकाच्या मनात एक प्रश्न असतो: याच गाडीत अजून थोडा माल कसा बसवता येईल? प्रश्न अगदी रास्त आहे. भाडं खेपेवर मिळतं, हप्ता मात्र महिन्याला जातो. गॅरेजमध्ये विचारलं तर बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: ‘मागे दोन पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून घ्या.’ हे उत्तर चुकीचं आणि धोक्याचं का आहे, आणि गाडीची उपयोगी क्षमता खरोखर कशाने वाढते, हे इथे क्रमाने पाहू.

आधी खरा आकडा काढा

‘माझी गाडी पाऊण टनाची’ असं आपण सहज म्हणतो. पण हा पाऊण टन सगळाच्या सगळा मालासाठी नसतो. आरसी उघडा. त्यात दोन वजनं असतात: अनलेडन वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, आणि ग्रॉस व्हेईकल वेट, म्हणजे माल, माणसं, सगळं धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. समजा, ग्रॉस वजन 1600 किलो आणि रिकामं वजन 850 किलो आहे. फरक 750 किलो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. दोघांचे 130 किलो वजा केले की मालाला 620 किलो उरतात.

तेही गाडी शोरूममधून निघाली तशीच असेल तर. त्यानंतर आपण पुढे लोखंडी गार्ड लावतो, केबिनवर कॅरिअर चढवतो, हौद्यात जाड पत्रा ठोकतो, फाळक्यांना अँगल लावून उंची वाढवतो. हे सगळं वजन त्या 620 मधून जातं. म्हणून पहिलं काम वजनकाट्यावर जायचं. टाकी भरलेली, स्टेपनी, जॅक, ताडपत्री, दोरखंड रोजच्यासारखे गाडीत, ड्रायव्हर आणि क्लीनर बसलेले, आणि हौदा रिकामा. अशा गाडीचा काटा करा आणि पावती जपून ठेवा. आरसीतल्या ग्रॉस वजनातून हा आकडा वजा केला की जे उरेल तीच तुमच्या गाडीची आजची खरी क्षमता.

आणखी एक वजन त्याच वेळी काढून घ्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे मागच्या ॲक्सलवरचं वजन. नोंदणीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेला, असं छोट्या गाड्यांत वारंवार होतं.

620 किलो दिसतात किती?

ओव्हरलोडची सुरुवात बहुतेक वेळा डोळ्यांच्या अंदाजाने होते. हौदा भरलेला दिसला नाही की गाडी रिकामी आहे असं वाटतं. म्हणून आपल्या मालाचं वजन डोळ्यांसमोर आणून पाहा.

हौदा 2.2 मीटर लांब आणि 1.5 मीटर रुंद धरू. त्याच्या तळावर 620 किलो तांदूळ सारखा पसरला तर थर जेमतेम एक वीत उंच होतो. सिमेंटचा थर पाच इंचांच्या आसपास आणि लोखंडाचा फक्त एक इंच. कळंबोलीहून सळ्या उचलणाऱ्यांना हिशेब माहीत असतो: सळीच्या मिलीमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. 12 मिलीमीटरची 12 मीटर लांब सळी 10.67 किलोची. 620 किलोत अशा 58 सळ्या येतात. सिमेंटच्या 50 किलोच्या गोण्या येतात 12. पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा भरलेला जार जारच्या वजनासकट 21 किलो धरला, तर 29 जार.

रेतीचं तर विचारूच नका. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. कोरड्या रेतीचा अर्धा ब्रास सव्वादोन टनांच्या पुढे जातो आणि पावसात भिजलेली रेती त्याहून जड. अर्धा ब्रास छोट्या हत्तीत कोणत्याही उपायाने बसत नाही. ते काम त्या गाडीचंच नव्हे.

तुम्ही रोज जो माल वाहता त्याचा असा एक तक्ता करा: किती गोण्या, किती जार, किती पेट्या म्हणजे गाडी भरली. तो केबिनमध्ये चिकटवा. दुकानदार ‘अजून चार टाका’ म्हणाला की ड्रायव्हरला वाद घालावा लागत नाही, तक्त्याकडे बोट दाखवता येतं.

पाटे वाढवले की काय होतं?

पाटे वाढवल्यावर गाडी मागून बसत नाही आणि मालकाला वाटतं की ताकद वाढली. प्रत्यक्षात फक्त गाडीचं बसणं कमी झालेलं असतं. ओझं तेवढंच राहतं आणि पाट्यांच्या खालच्या-वरच्या सगळ्या भागांवर पूर्वीसारखंच येतं. गाडीची क्षमता ठरते ती तिच्या सगळ्यात कमकुवत भागावरून, आणि पाटे हा एकच भाग आहे. ॲक्सलची नळी, बेअरिंग, डिस्क, व्हील बोल्ट, टायर, चेसिस, क्लच, ब्रेक यांतलं काहीही पाट्यांबरोबर बदललेलं नसतं.

बेअरिंगचं उदाहरण घ्या. त्याचं आयुष्य भाराच्या साधारण तिसऱ्या घाताने कमी होतं. भार सव्वापट झाला की आयुष्य निम्म्यावर येतं. ‘दोन वर्षं चालवतोय, काही झालं नाही’ म्हणणाऱ्या मालकाच्या गाडीत हीच झीज चाललेली असते, फक्त दिसत नसते.

ब्रेकची गोष्ट त्याहून गंभीर आहे. बऱ्याच छोट्या ट्रकांत मागच्या ॲक्सलजवळ एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती बसली आहे हे तो एका दांड्याच्या हालचालीवरून ओळखतो आणि त्या प्रमाणात मागच्या ब्रेकला दाब सोडतो. गाडी रिकामी असताना मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत म्हणून दाब कमी, भरलेली असताना पुरेसा. आता तुम्ही जादा पाटे टाकले. हौद्यात टनभर माल आहे, पण गाडी बसतच नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे आणि मागच्या ब्रेकला दाब कमी सोडतो. म्हणजे गाडी सगळ्यात जड असते नेमकं तेव्हाच तिचे मागचे ब्रेक सगळ्यात कमी लागतात. पाटे बसवणारा माणूस हा व्हॉल्व्ह बहुधा पाहतही नाही.

आणि आपल्याला घाट उतरायचा असतो. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता साधारण 500 मीटर खाली येतो. 500 किलो जादा माल या उतारावरून आणायचा तर त्या जादा वजनाची जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात सात-आठ लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. गाडी खालच्या गिअरमध्ये नसेल तर ही सगळी उष्णता ब्रेकच्या लायनर आणि ड्रममध्ये साठते. लायनर तापून चकाकले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. घाटातल्या शिंग्रोबा देवाला नाणं वाहून उतरणाऱ्या ड्रायव्हरची श्रद्धा मोठीच आहे; पण गाडी मर्यादेत भरून आणि गिअरमध्ये ठेवून त्याला घाटात पाठवणं ही मालकाची जबाबदारी आहे.

चेसिसला वेल्डिंग करून किंवा भोकं पाडून मजबुतीच्या पट्ट्या लावणं हा दुसरा लोकप्रिय उपाय. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं पोलाद बदलतं आणि काही महिन्यांनी तडा नेमका त्या पट्टीच्या टोकाशी जातो. तोही करू नका.

फुकटचं ओझं उतरवा

आता खऱ्या उपायांकडे येऊ. गाडीचं ग्रॉस वजन वाढत नाही, पण रिकामं वजन कमी करता येतं. तिथे कमी केलेला प्रत्येक किलो मालाला मिळतो.

हौद्याचा तळच पाहा. 2.2 बाय 1.5 मीटरच्या तळावर 3 मिलीमीटरचा लोखंडी पत्रा घातला तर त्याचं वजन सुमारे 78 किलो. तोच 3 मिलीमीटरचा ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा 27 किलोंच्या आत. फरक 50 किलोंचा, म्हणजे सिमेंटची एक गोणी. दिवसाला दोन खेपा आणि वर्षाला 300 दिवस धरले तर हा एकच बदल वर्षात 30 टन माल जास्त वाहू देतो, तोही मर्यादेत राहून. सळ्या, अँगल, यंत्राचे सुटे भाग वाहणाऱ्यांनी लोखंडी तळ ठेवावा, कारण ॲल्युमिनियम त्या घासाने लवकर झिजतं. पण पेट्या, जार, किराणा, भाजी, कपडे वाहणाऱ्यांना ॲल्युमिनियम पुरेसं आहे.

पत्र्यावर लाकडी फळ्या टाकल्या असतील तर पनवेलच्या पावसात त्या पाणी पितात आणि चार महिने सुकत नाहीत. ताडपत्रीचंही तसंच. जाड कॅनव्हासची ओली ताडपत्री कोरडीपेक्षा कितीतरी जड. त्याऐवजी चांगल्या प्रतीची पीव्हीसी ताडपत्री वापरा, पाणी तिच्यात मुरत नाही.

मग गाडी एकदा पूर्ण रिकामी करा. सीटमागची जुनी हत्यारं, तुटलेल्या साखळ्या, दुसऱ्या गाडीचे पाने, हौद्याच्या कोपऱ्यातली खडी, चेसिसवर थापलेला चिखल, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली दुसरी स्टेपनी. जॅक, व्हील पाना, एक स्टेपनी, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, त्रिकोणी रिफ्लेक्टर एवढं ठेवा आणि बाकीचं घरी. कंपनीने न दिलेला पुढचा जड लोखंडी गार्ड काढून टाका. तो वजन खातो, शिवाय अपघातात गाडीने शोषून घ्यायचा धक्का सरळ चेसिसपर्यंत पोहोचवतो. हे सगळं करून गाडी पुन्हा काट्यावर न्या आणि दोन पावत्या शेजारी ठेवून पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत एवढ्याने दीड-दोन गोण्यांची जागा निघते.

गाडीला सीएनजी किट बसवायचा विचार असेल तर सिलिंडरचं वजन आधी विचारा. डिझेल-पेट्रोलपेक्षा खर्च कमी होतो, पण ते वजनही मालाच्या वाट्यातून जातं.

माल कुठे ठेवला, यावर किती माल चालेल ते ठरतं

तेच वजन दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलं तर गाडी दोन वेगळ्या गाड्यांसारखी वागते. हिशेब करून पाहू. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, 2100 मिलीमीटर आहे आणि माल 620 किलो. मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या 20 सेंटिमीटर पुढे असेल तर जवळपास 59 किलो पुढच्या चाकांवर जातात आणि 561 किलो मागच्या. आता तोच माल फाळक्याकडे सरकवला आणि मध्य ॲक्सलच्या 30 सेंटिमीटर मागे गेला, तर पुढच्या चाकांवरून सुमारे 89 किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर 709 किलो येतात. माल एक किलोनेही वाढला नाही, पण मागच्या ॲक्सलवर जवळपास दीडशे किलो जास्त आले. गाडी नाक वर करते, स्टिअरिंग हलकं होतं, ओल्या रस्त्यावर वळताना पुढची चाकं सरळ जायला बघतात.

म्हणून भरताना एवढं पाळा. जड माल खाली आणि केबिनच्या बाजूला. डावी-उजवी बाजू सारखी. हलका माल वर आणि मागे. लांब सळ्या किंवा पाईप फाळक्यावरून मागे लोंबत असतील तर त्यांचं बरंचसं वजन ॲक्सलच्या मागे असतं हे लक्षात ठेवा. अशा मालाला लांब हौद्याची गाडीच घ्यावी, किंवा दुकानातच माल कापून घ्यावा.

पाच-सहा ठिकाणी माल उतरवायचा असेल तर शेवटच्या ठिकाणचा माल आधी भरायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण निम्मा माल उतरल्यावर उरलेला माल फाळक्याशीच पडून राहिला असेल तर तो पुढे सरकवायला पाच मिनिटं द्या. माल हलू नये म्हणून दोरखंडाऐवजी रॅचेटवाले लॅशिंग बेल्ट वापरा. दोरी ओली झाली की सैल पडते आणि कर्नाळ्याच्या वळणावर माल एका बाजूला जातो.

गाडीची मूळ ताकद परत आणा

‘गाडी आता पूर्वीएवढं ओझं घेत नाही’ ही तक्रार खरी असते. पण तिचं कारण पाटे कमी असणं हे नसून पाटे थकलेले असणं हे असतं. वर्षानुवर्षं भार घेऊन पाट्यांची कमान सपाट होते. एखादा पाटा तुटलेला असतो, यू-बोल्ट सैल झालेले असतात, बुश संपलेले असतात. उपाय एकच: त्याच मॉडेलचा, कंपनीने ठरवलेल्या जाडीचा आणि तेवढ्याच पाट्यांचा नवा संच. यू-बोल्ट नवे घ्या आणि ठरलेल्या ताणाने आवळा, पाच-सातशे किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. शॉकअप्सरही सोबत बदला. हे काम पूर्ण कायदेशीर आहे आणि गाडी पुन्हा तिच्या खऱ्या पासिंगएवढा, म्हणजे नोंदलेल्या मर्यादेएवढा, माल आरामात घेते. काम झाल्यावर लोड सेन्सिंग व्हॉल्व्हच्या दांड्याची जुळणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्या.

टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे वाचायची सवय लावा. टायरवर 102/100 असं असेल तर 102 म्हणजे एकेरी चाकाला 850 किलो आणि 100 म्हणजे जोडचाकात प्रत्येकी 800 किलो. ही क्षमता टायरमध्ये सांगितलेली पूर्ण हवा असतानाच मिळते. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि मे महिन्याच्या दुपारी एक्सप्रेसवेवर फुटतात. हवा सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने मोजा. गाडी चालून गरम झालेल्या टायरचा आकडा फसवतो. स्वस्त मिळतो म्हणून प्रवासी गाडीचा टायर मालगाडीला लावू नका. आकार एकच दिसला तरी भार घेण्याची ताकद वेगळी असते.

वजनाआधी जागा संपत असेल तर

काहींची अडचण उलटी असते. वेफरची पाकिटं, गाद्या, थर्मोकोल, ऑनलाइन खरेदीचे खोके असा माल हौदा भरून टाकतो आणि वजन मात्र निम्म्यावरच राहतं. आपण धरलेल्या हौद्यात दीड मीटर उंचीपर्यंत माल रचला तर जवळपास 5 घनमीटर जागा मिळते. 620 किलोला एवढी जागा म्हणजे घनमीटरला सुमारे 125 किलो. तुमचा माल यापेक्षा हलका असेल तर तुम्हाला वजनाची नाही, जागेची गरज आहे.

अशा मालाला बंद कंटेनर बॉडी उत्तम. कंपन्या केबिन-चेसिस स्वरूपात गाडी देतात, त्यावर मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून हलक्या एफआरपी किंवा ॲल्युमिनियमच्या पॅनेलची बॉडी बांधता येते. गाडी घेतानाच हे ठरवलं तर नोंदणी त्याच बॉडीसह होते. पाऊस, चोरी आणि धूळ या तिन्हींपासून माल वाचतो, ताडपत्री बांधण्या-सोडण्याचा वेळही वाचतो. आत घडीचे रॅक लावले तर खालचे खोके न चिरडता वरची जागा वापरता येते. एकात एक बसणारे क्रेट घेतले तर परतीच्या खेपेला रिकामे क्रेट निम्म्याहून कमी जागेत येतात आणि उरलेल्या जागेत परतीचं भाडं मिळू शकतं.

बॉडी मागे किती वाढवायची यालाही मर्यादा आहे. मागच्या ॲक्सलमागे निघणारा भाग नियमाप्रमाणे व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. 2100 मिलीमीटरच्या व्हीलबेसला ही मर्यादा 1260 मिलीमीटर होते. उंची वाढली की वळणावर आणि वाऱ्यात गाडी झुलते, म्हणून उंच बॉडीतही जड माल तळालाच हवा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी गाडी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी कलम 182-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

ओव्हरलोडसाठी कलम 194 मध्ये 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये असा दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. माल हौद्याच्या बाजूंनी, पुढेमागे किंवा परवानगीपेक्षा उंच निघत असेल तर वजन मर्यादेत असूनही 20,000 रुपयांची तरतूद आहे. वजन करायला गाडी थांबवली नाही तर 40,000.

2018 मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हापासून ‘आता सगळ्यांनाच जास्त चालतं’ असा एक समज पसरला आहे. ती वाढ जड ट्रकांच्या कामाची. दोन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा तेव्हा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेली. दीड-दोन टन ग्रॉस वजनाची छोटी गाडी त्या मर्यादेच्या जवळपासही नसते. तिची मर्यादा कंपनीने ठरवलेली आणि आरसीत लिहिलेली, तीच.

विम्याचा धोका तर दंडाहून मोठा. अपघाताच्या वेळी गाडीत मर्यादेपेक्षा जास्त माल होता किंवा चेसिसमध्ये बेकायदा बदल होता असं सर्व्हेअरने नोंदवलं, तर कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कापू किंवा नाकारू शकते.

एक खेप की दोन?

620 किलोच्या गाडीत हजार किलो भरण्यामागे एक खेप वाचवण्याचा विचार असतो. त्या वाचलेल्या खेपेची किंमत काढा. कळंबोलीहून जुन्या पनवेलला जाऊन यायला चौदा-पंधरा किलोमीटर पडतात, म्हणजे डिझेल लिटर-सव्वा लिटर. त्यासमोर टायर, क्लच, लायनर, बेअरिंग यांची दुप्पट झीज आणि 20,000 रुपयांच्या दंडाची टांगती तलवार ठेवा. जवळच्या अंतरावर दुसरी खेप नेहमीच स्वस्त पडते. दुसऱ्या खेपेसाठी वेळ काढायचा तर तो भरण्या-उतरवण्यात वाचवा: हातगाडी किंवा ट्रॉली सोबत ठेवा, पावती आधी तयार करून घ्या, उतरवायला माणूस आहे का हे निघण्यापूर्वी फोनवर विचारा. बाजाराच्या आवारात रांगेत गेलेला वेळ हीच या धंद्यातली सगळ्यात मोठी गळती आहे.

लांबच्या अंतराला हिशेब वेगळा. पेण, अलिबाग, पुणे अशा खेपांना एखादी मोठी गाडी भाड्याने घेऊन दोन-तीन मालकांनी माल एकत्र पाठवावा आणि छोट्या गाड्या शहरातल्या कामाला ठेवाव्यात.

मोठी गाडी केव्हा घ्यावी?

महिनाभर प्रत्येक खेपेचं वजन वहीत लिहा. निम्म्याहून जास्त खेपांना माल तुमच्या खऱ्या क्षमतेच्या पुढे जात असेल, तर गाडी तुमच्या धंद्याला लहान पडते आहे. मग तिच्यावर खर्च करू नका, पुढची पायरी चढा. पिकअप वर्गात सव्वा ते दीड टनाच्या आणि त्याहून जास्त क्षमतेच्या गाड्या आहेत, त्यापुढे टाटा 407 सारखा वर्ग. तिथे जास्त क्षमता म्हणजे जाड ॲक्सल, मोठे ब्रेक, भक्कम चेसिस आणि योग्य टायर, सगळं एकत्र आणि तपासून आलेलं असतं. जुनी गाडी घेत असाल तर चेसिसवर वेल्डिंगच्या खुणा आणि पाट्यांची संख्या आधी पाहा. पाटे वाढवलेली गाडी ओझ्याखाली दमलेली गाडी समजा.

निवड करताना दोन आकडे लक्षात ठेवा. ग्रॉस वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर मालगाडीला परमिट लागत नाही, त्यापुढे लागतं. आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे की, एलएमव्ही लायसन्स असलेला ड्रायव्हर 7,500 किलो ग्रॉस वजनापर्यंतची मालगाडी चालवू शकतो. म्हणजे पिकअप वर्गात गेल्याने तुमचा आजचा ड्रायव्हर बदलावा लागणार नाही.

गाडीमालकांना विनंती एवढीच आहे. या आठवड्यात एक सकाळ काढा आणि रिकामी गाडी काट्यावर न्या. खरी क्षमता किती उरते ते रंगाने केबिनच्या दारावर आतून लिहा आणि ड्रायव्हरला स्पष्ट सांगा की या आकड्याच्या वर माल नाकारला तर मालक तुझ्या बाजूने उभा राहील. गाडी किती ओझं घेईल हे कंपनीने ठरवलं आहे. तिच्यात किती भरायचं हे तुमच्या हातात आहे, आणि ते ओझं घेऊन घाट उतरणारा माणूस तुमच्याच भरवशावर गाडीत बसतो.